दिनकर काकू म्हणतो

कार्तिक वद्य २, रविवार. बुलढाणा

दिनकर पुन्हा आला. देऊळघाटाहून पायी. त्याच्या घरी दारात घोडा बांधलेला असताना. ओट्यावर उन्हात बसला. आणलेल्या पेरूंबद्दल बराच वेळ बोलला. मग एकदम, "काकू लै बिमार हाय, मास्तर."

बोलताना मी दोनदा घोटाळा केला, म्हणून नीट लिहून ठेवतो. काकू म्हणजे त्याची जन्मदाती. घाटाखाली धामणगाव बढ्याला असते. अकरा वर्षांचा असताना तो देऊळघाटच्या चुलत घरी दत्तक आला. त्या दुपारी मायची काकू झाली आणि विधवा काकूची माय. शब्दांची अदलाबदल बायकांमध्ये झाली. दिनकरला कोणी विचारलं नाही.

आता धामणगावचा निरोप आहे. ये, आणि एकदा माय म्हण.

तो गेल्यावर माझी बायको इंदू, "जा म्हना ना त्याले! बसून काय राह्यले दोघं?"

वद्य ४, मंगळवार

वाटेत भेटला. सल्ल्यांची मोळी घेऊन हिंडतो आहे. भाऊबंद म्हणतात, गेलास तर लोक बोलतील, जीव अजून घाटाखालीच आहे. त्यांच्या घरचे पुरोहित गुरुजी म्हणतात, दत्तक गेलेल्याला जन्मदात्रीचं पुरतं सुतकसुद्धा नाही, मग हाक कसली. रहीमचाचा, ज्यांची बैलांची दमणी दिनकरच्या घरची माणसं नेते-आणते, म्हणाले, "दो दो माँ मिली तेरे को, और मुँह लटकाके घूमता है बे?"

या सगळ्यांना तो "हो" म्हणाला. चाचांनासुद्धा.

माझ्याकडेही सल्ला होता. चांगला होता, वाक्यंही बरी जमली होती. गिळला. मलाही तो "हो"च म्हणाला असता.

वद्य ५

सुचलं ते असं. सांगायचं काही नाही. तो बोलेल ते नीट ऐकायचं, आणि ऐकलं ते त्याच्यापुढे परत ठेवायचं. बरोबर ठेवलं की नाही, हे तोच सांगेल. जमेल मला. एवढी वर्षं कविता शिकवून हेच तर करतो आहे, फक्त कवी समोर नसतो.

वद्य ६, गुरुवार

संध्याकाळी आला. पहिल्याच फटक्यात चुकलो.

मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला त्यांना माय म्हणायचंय."

"हो."

तोच "हो". गुरुजींना दिला तो, चाचांना दिला तो. म्हणालो, "थांबा. हे माझं झालं. तुमचं काय होतं?"

पेरू हातात फिरवत राहिला. आत इंदूची भाकरी थापल्याचा आवाज. मग हळूहळू, "देऊळघाटले मी दिनकरराव. धामणगावले पाव्हना. पाय धुवाले पानी देतात, पाटावर बसवतात. मधात, रस्त्यानं, कोनी काही म्हनत नाही."

"रस्त्यावर तुम्ही कोणाचे नसता."

"तसं नाही." हे फाटकन बोलला. मला बरं वाटलं, तो मला पहिल्यांदाच "नाही" म्हणाला. "रस्त्यानं मीच असतो. म्हनून तं पायी येतो."

मी एक पेरू उचलून खाल्ला.

रात्री जेवताना इंदू, "पेरू खायचे अन् गप बसायचं. अशी नोकरी मलेबी पाहा कुठं."

वद्य ७

तपासणीला नागपूरहून साहेब येणार. वर्गात नकाशा. मागच्या बाकावरून प्रश्न, "मास्तर, वऱ्हाड निजामाचं, कारभार नागपूरचा, मंग आपुन कोनाचे?" वर्ग हसला. मीही. उत्तर दिलं नाही. परीक्षेत येत नाही.

इंदूने आज पकडलं. "सगळ्यांसंग पुस्तकातलं बोलता. चिखलीहून तुमची माय आली का मले-तुले सुरू." खरं आहे. पुण्याच्या वसतिगृहात माझ्या बोलीला सगळे हसले होते. तेव्हापासून.

वद्य ९, रविवार

आज देऊळघाटची माय स्वतः आली. दमणीला पडदा. इंदूच्या खोलीत बसली, दाराआडून बोलली. मी बाहेर, खांबाशी.

"पोराले काय शिकवून राह्यले, मास्तर?"

"काहीच नाही."

"तेच तं! आंधी काही म्हटलं का हो म्हने. आता म्हन्ते, थांब माय, इचार करतो. मले थांब म्हन्ते!"

हसू आलं. आवरलं. म्हणालो, "त्यानं थांब म्हटलं, ते लागलं तुम्हाला."

"लागन काऊन?" मग लुगडं सळसळलं. मला वाटलं, उठल्या. पण आवाज आला, आधीचा नव्हे, खालचा. "त्या घरात मी सून म्हनून आली. मंग धनी गेले, तं सगळे 'ते बिचारी' म्हनत. माय मले त्यानं केली. दुसरं कोन म्हनते? तो तिकडं तो शब्द देऊन आला, तं मी कोन राह्यते?"

आत इंदूने तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज.

जाताना त्यांनी मला नाही, इंदूला विचारलं, "धामनगावची खाते काय म्हन्तात? का तेबी नाही?"

"पेज घेते म्हने. तीबी पोटात ठरत नाही."

"हूं."

पडदा पडला. दमणी गेली.

वद्य १०

इंदू स्वतःहून, "जा म्हनलं होतं मी पह्यल्या दिवशी. बरं झालं तुमी तसं म्हनले नाही." मग लगेच, "पन मह्यं बरोबरच होतं." दोन्ही मान्य.

वद्य १२, बुधवार

दिनकर शाळेत आला, दुपारच्या सुटीत. "उद्या जातो." कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, "कोनी सांगतलं नाही."

मी, "मायला बोललात?"

"बोललो. जातो म्हटलं. भांडी घासून राह्यली होती. घासत राह्यली."

वद्य १३, गुरुवार

सकाळी दारात दमणी. दिनकर पुढे, चाचांच्या शेजारी. पडदा बाजूला केलेला, आत माय. मांडीवर गाडगं, फडक्याने तोंड बांधलेलं. इंदू धावत बाहेर. "तुमीबी?"

"काऊन? माही जाऊ हाय ते. मी नाही जायचं?" मग गाडगं सावरत, "पेज करता येत नाही त्या घरच्या पोरीइले. पानी पाजतात नुसतं."

दिनकर खाली उतरून माझ्याजवळ आला. हळू आवाजात, "दोघी समोर राह्यतीन. तिथं तोंडातून काय निघन, मास्तर?"

"ठाव नाही, बाप्पा. मले कसं ठाव असन?"

तो बघत राहिला. मग हसला. दात दिसतील असा. असा हसतो, हे मला माहीत नव्हतं. इंदूही माझ्याकडे बघत होती, वेगळ्या कारणाने.

"बैठ बे जल्दी," चाचा ओरडले, "घाट में धूप चढ जायेगी."

दमणी वळली. आमचं घर वळणावर, त्यामुळे ओट्यावरून पुन्हा एकदा दिसते. दिनकर पुढे, सरळ बसलेला. मागे माय, गाडग्यावर दोन्ही हात.

दिनकरचे ओठ हलत होते. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. ओट्यापर्यंत आवाज आला नाही.