घटनेआधीचा अध्यक्ष

फ्रीमाँट, रविवार

आदरणीय प्रफुल्लदादा,

सप्रेम जयभीम. सुवर्णावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि तुझी शुगर? (खरं सांग, वहिनींचा फोन मला येतोच.) इकडे उपासना आणि हर्षिता ठणठणीत आहेत, माझं मात्र डोकं फिरलंय.

झालं असं, इथल्या आपल्या मंडळाने हॉलमध्ये आजवरच्या अध्यक्षांचा फलक लावला. पहिलं नाव काय, तर सुचित्रा! अरे, ती मंडळाची घटना मंजूर झाल्यावर निवडून आलेली. त्याआधी दोन वर्षं सतरंज्या कोणी अंथरल्या, नोटिसा कोणी पाठवल्या, रुसवेफुगवे कोणी काढले? मी! सुचित्रा म्हणते, घटनेत नाही ते पद मंडळात नाही. आता आपल्या घरात घटनेविरुद्ध ब्र काढायची कोणाची टाप आहे? माझं भांडण घटनेशी नाहीच, फलकाशी आहे.

त्यातच हर्षिताचा शाळेचा प्रोजेक्ट आला, संविधान लागू होण्याआधीची अमेरिका. दादा, वाचून माझी छातीच फुगली. वॉशिंग्टनच्या आधी इथे काँग्रेसचे चौदा अध्यक्ष होऊन गेलेत! हातात ना सैन्य, ना नकाराधिकार. बिचाऱ्यांनी सभा चालवायच्या आणि राज्यांना पत्रं लिहायची. (राज्यं दाद देतील तर शपथ, अगदी आपल्या सभासदांसारखी.) आज कोणालाही विचार, हॅन्सन कोण, हंटिंग्टन कोण? लोक तोंडाकडे बघत राहतात. मी हर्षिताचं चौदा नावांचं पोस्टर उचललं, खाली मार्करने पंधरावं नाव टाकलं, राजाराम, आणि थेट मंडळाच्या सभेत नेऊन उभं केलं. विनयने तर फोटो काढला. पण गडबडीत सोमवारी तेच पोस्टर शाळेत गेलं. बाईंनी भर वर्गात विचारलं, हा राजाराम कोणत्या राज्याचा प्रतिनिधी? पोरीने घरी येऊन पोस्टर माझ्या पुढ्यात आपटलं. मग म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ बोर्ड."

जस्ट बोर्ड कसला, कप्पाळ! तुला म्हणून सांगतो, मी अध्यक्ष झालो त्या वर्षी माझी नोकरी गेली होती. दुसरी नोकरी शोधायला व्हिसाने दिलेले साठ दिवस एकेक करून संपत होते, रिक्रूटर फोन उचलत नव्हते, आरशात बघायची लाज वाटायची. फक्त आमच्या त्या हॉलमध्ये नऊ माणसं मला अध्यक्ष म्हणायची. ते मी कोणालाही पुसू देणार नाही. पोस्टरबद्दल माफी मागणार नाही, फलक मानणार नाही, काय करायचं ते करा म्हणावं!

तुझा,
राजाराम

ता. क. फलकावर माझं नाव टाकायला सुचित्राने एक अट घातलीय. पहिल्या सभेत माझ्या नावाला अनुमोदन कोणी दिलं, ते लेखी आणा म्हणे. तू तेव्हा इथे आला होतास. विनयने सूचना मांडली आणि मान तू डोलावलीस. (पाहुण्याने अनुमोदन देऊ नये असा नियम नव्हता, कारण घटनाच नव्हती.) चार ओळी सहीनिशी पाठव.

ता. ता. क. उपासना म्हणते, त्या वेळी ती तुला आणखी खीर वाढू का विचारत होती, मान तू त्याला डोलावलीस. असेल. पत्रात खिरीचं लिहू नकोस.