धुऱ्यावरचं पोतं

८ फेब्रु.
बाजरी पेरून झाली. आत संकरित, ठेंगणी. धुऱ्यालगत, बांधाच्या कडेनं, पाच ओळी देशी; जाऊ रेखानं दिलेलं बियाणं, तिच्या माहेरचं, मोर्शीकडचं. धुऱ्यापलीकडचं शेत तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या दिराचं, वसंताचं. त्यानं यंदा सगळं शेत देशीच पेरलं. संकरितापेक्षा जास्त पिकवून दाखवतो म्हणे. पुन्हा सत्कार हवाय.
गेल्या साली बाजरी माझी, युरिया कधी-किती द्यायचा ते डोकं माझं, आणि शाल ह्याच्या खांद्यावर. वर मंचावरून, "वयनीनं निंदाले मदत केली." मदत! विसरणार नाही.

११ मार्च
संकरिताला युरियाचा दुसरा हप्ता दिला. वसंता धुऱ्यावरून बघत होता. संध्याकाळी त्याच्याही शेतात पोतं. मी करते तेच करतो, विचारत मात्र नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, संकरित पचवते, देशी नुसती वर जाते आणि वाऱ्यानं पडते.
नाही ना विचारत. बरं.

२९ मार्च
युरियाच्या रिकाम्या पोत्यात बांधकामातली रेती भरली. सकाळी वसंता धुऱ्यावर दात घासत उभा होता, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून देशीच्या ओळींत मूठ-मूठ फेकली. दुपारी त्यानं दोन पोती युरिया फेकला. जीव गार झाला. माझे हे धारणीला जीप चालवतात; फोनवर त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

१६ एप्रिल
त्याची बाजरी डोक्याच्या वर, काळीभोर हिरवी. गाव बघायला येतंय. रेखा खुशीत: "बाई, औंदा दोन्ही म्हशीले कडबा पुरते. बियाणं बी राखून ठेवीन, तुमाले देईन." तिच्याकडे बघवेना. मग शाल आठवली.

३० एप्रिल
काल वावधन, सोसाट्याचं वारं आणि पाऊस. त्याची बाजरी झोपली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कणसं चिखलात. माझी उभी. पोटभर जेवले.
वसंता आला. "वयनी, तुमची काहून नाई पडली? तुमी बी तर युरिया फेकला देशीले."
म्हटलं, "नशीब."

३ मे
कृषीचे साहेब आले. माझ्या बाजरीचे फोटो. नाव विचारून लिहून घेतलं, माझं! वसंता घराबाहेर निघाला नाही. बघायचं होतं त्याचं तोंड.

५ मे
पडलेलं पीक कापायला मजूर येईनात. रेखा एकटीच. न राहवून विळा घेऊन गेले. कणसांना कोंब फुटलेत, बियाणं गेलंच. भरायला पोती कमी पडली, तर तिनं धुऱ्यावरच्या बाभळीखाली पडलेलं माझं ते युरियाचं पोतं उचललं, झटकलं. रेती पडली. तिनं चिमटीत घेऊन चोळली.
"बाई, ह्याच्यात युरियाच होता ना?"
मी वाकून कणसं गोळा करायला लागले.
ती म्हणाली, "तोंड धरा पोत्याचं." मी धरलं. तिनं कणसं भरली.
तिनं वसंताला सांगितलं की नाही, कळत नाही. तिच्या माहेरचं बियाणं आता माझ्या पाच ओळींतच उरलंय. उद्या मळणी. त्यातलं पहिलं सूप बियाण्याला तिच्या घरी न्यायचं ठरवलंय, पण काय म्हणून नेऊ?