बेर्तोलेबाईंचा दाखला

ग्लारुस, २० नोव्हेंबर १९८३

चि. रेगुलास,
अ. उ. आ.

तुझी आई रविवारी येऊन गेली. तू, डोरिस आणि बार्बला अशा तिघी एस्कालाडच्या सणाला जिनिव्हाला निघालात, हे तिच्याकडून कळलं. तिला काळजी एकच, की तिघींत मिळून एकीलाही धड फ्रेंच येत नाही. मी म्हटलं, पोरी हिंडायला चालल्यात, भाषण ठोकायला नाही.

माझं मात्र एक काम आहे. नाही म्हणालीस तरी माझी माया आटणार नाही, पण आधी ऐक.

आपल्या जर्मनभाषक भागातल्या मुलींना शाळा संपली की वर्षभर फ्रेंच मुलखात एखाद्या घरी कामाला धाडत. तशी मी सतराव्या वर्षी जिनिव्हाला बेर्तोलेबाईंकडे होते, एवढं तुला माहीत आहे. वर्ष पुरं व्हायच्या आत परत का आले, ते आम्ही बहिणींनी कुणाला सांगितलं नाही. घरातले सहा चांदीचे चमचे गेले. बाईंच्या मुलाने, एदमोंने, ते विकले होते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून मी पाहिलं, बाईंनी त्याच्या थोबाडीत दिली आणि लगेच मला बोलावून सामान बांधायला सांगितलं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. जाताना हातात दाखला दिला, बंद पाकिटात. मी तो तसाच नर्सिंगच्या शाळेत नेऊन दिला. तिथल्या मोठ्या बाईंनी तो मला वाचून दाखवला. मुलगी चपळ आहे, मात्र घरातल्या कपाटांना कुलपं असावीत. प्रवेश नाकारल्याचं पत्र आलं, त्यात कारण होतं: चारित्र्याची खात्री नाही. त्या वर्षापासून मी कापडगिरणीत उभी आहे. एकतीस वर्षं झाली.

बाईंची जुनी स्वयंपाकीण ओदिल मला दर नाताळात कार्ड पाठवते. बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि अजून ठणठणीत. एस्कालाडला, शत्रूचा हल्ला परतवल्याच्या त्या दिवशी, दुपारी घरी तीस माणसं जमवतात. बदामाच्या मिठाईच्या भाज्यांनी भरलेला चॉकलेटचा हंडा मुठीने फोडायला खोलीतलं सगळ्यांत म्हातारं आणि सगळ्यांत लहान माणूस लागतं; यांची नातवंडं अमेरिकेत, म्हणून दरवर्षी कुणीतरी लहान शोधत असतात. ओदिलने शब्द टाकला तर तुम्हा तिघींना बोलावणं येईल. तुझं वय एकोणीस. त्या घरात तेच सगळ्यांत कमी ठरेल.

तिथे सगळ्यांसमोर माझं नाव घे. बाकी तुझ्यावर सोपवते.

लोभ आहेच, हे वाचून तो घटला असेल तर तसं कळव.

तुझी,
मार्ग्रिट मावशी


विंटरथुर, २७ नोव्हेंबर १९८३

ती. मार्ग्रिट मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं, मग बार्बलाला दाखवलं. रागावू नकोस, एकटीने वाचवेना. ती म्हणाली की आपण म्हातारीच्या सुपात मीठ ओतू. डोरिस म्हणाली की तिला जिनिव्हाला नगारे वाजवणारी मुलं बघायची आहेत, पण आधी म्हातारी, मग मुलं. अशा माझ्या मैत्रिणी.

मी जाईन. पण एक नीट सांग. तुला हवंय काय? त्यांनी माफी मागावी, की आणखी काही? आणि इतकी वर्षं तू मला गिरणीच्या गमतीच सांगत आलीस, हे मनाला फार लागलं. मला वाटायचं, माझ्या मावशीला तिथे आवडतं.

आईला काही बोलले नाही. माया आहे तशीच ठेव, मी ती खर्चून टाकणार आहे.

तुझी,
रेगुला


ग्लारुस, १ डिसेंबर १९८३

चि. रेगुलास,
अ. उ. आ.

माफी नको. माफी मागून माणूस हलका होतो. त्यांना जड राहू दे. मला त्यांचा चेहरा हवा आहे. माझं नाव ऐकल्यावर तो कसा झाला, ते बघून ये आणि लिही. तेवढंच.

लोकरीचे मोजे घाल. तिथे तळ्यावरून जो वारा येतो तो कानातून शिरतो. आणि सुपात मीठ ओतू नका, हल्ली तिथे ओदिलची भाची रांधते, ते तिने केलेलं असेल.

काळजी तुझी आहे, त्यांची नाही.

मावशी


जिनिव्हा, १२ डिसेंबर १९८३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वसतिगृहाच्या पलंगावर बसून लिहिते आहे.

दोन दिवस आम्ही नुसत्या भटकलो. वाऱ्याने डोरिसची टोपी तळ्यात गेली. बार्बला सुरईभर गरम वाइन प्यायली आणि तिने मिरवणुकीतल्या एका भालेकऱ्याला सांगितलं की त्याच्या मिशा खोट्या आहेत. त्या खऱ्या निघाल्या. मला मात्र काही गोड लागत नव्हतं.

आज दुपारी बाईंकडे गेलो. ताठ, पांढरे केस, गळ्यात मोती. आम्हाला म्हणाल्या, तुमच्या बाजूच्या मुली स्वच्छ असतात. सूप झालं. मग एदमों उठला. पन्नाशीचा, गुबगुबीत. ओदिलची भाची शेजारी बसून त्याचं बोलणं मला जर्मनमध्ये सांगत होती. मावशी, तो तुझीच गोष्ट सांगत होता. दरवर्षी सांगतो म्हणे. तरुणपणी आपण आईचे चमचे कसे विकले, आणि ग्लारुसची ती जाडी मोलकरीण कशी भोकाड पसरून स्टेशनवर गेली. तीस माणसं खदखदून हसली. बाई रुमालाने डोळे टिपत होत्या, हसून.

मग हंडा आणला. मला पुढे ढकललं. बाईंनी माझा हात धरला, दोघींची मिळून एक मूठ झाली, आणि मूठ वर गेली. आता सगळ्यांनी म्हणायचं की प्रजासत्ताकाचे शत्रू असेच नष्ट झाले, आणि मूठ खाली आणायची. मी आणलीच नाही.

आधी लोकांना वाटलं, पोरगी लाजली. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं की त्या जाडीला नाव आहे. मार्ग्रिट एल्मर. माझी मावशी. तिला नर्स व्हायचं होतं, या घरच्या दाखल्याने ती झाली नाही. आता दुसरा दाखला लिहा, मग हात सोडते. एदमों पोलिसांचं नाव काढायला लागला. तेवढ्यात एक म्हातारे कर्नल त्याला म्हणाले, अरे, चमचे विकलेस की नाही विकलेस? आत्ताच तर हसत हसत सांगितलंस. तो खाली बसला. डोरिस दाराला पाठ लावून उभी राहिली होती. बार्बला कागद घेऊन आली.

बाई हळूच मला म्हणाल्या की हनुवटी त्याच मुलीची आहे, मला दारातच वाटलं होतं. त्यांचा हात दुखत असणार. मी सोडला नाही. शेवटी त्यांनी दुसऱ्या हाताने खूण केली. टेबलाशी बसून लिहिलं, स्वच्छ अक्षरात: चमचे माझ्या मुलाने घेतले, मला तेव्हाच माहीत होतं, मार्ग्रिट एल्मर प्रामाणिक होती. सही केली. मग उठून एकटीनेच हंडा फोडला. बदामाच्या भाज्या जमिनीभर झाल्या. कुणी उचलल्या नाहीत.

पण मावशी, तू चेहरा मागितला होतास. लिहिताना त्या खाली वाकल्या होत्या. मला फक्त त्यांचा भांग दिसला. हंडा फुटल्यावर बघायचं धैर्य झालं नाही. मी म्हातारीचा हात पिरगाळला का गं? मला बरं वाटतंय आणि वाईटही वाटतंय.

कागद सोबत पाठवते. मला परत पहिल्यासारखीच समज.

तुझी,
रेगुला


ग्लारुस, २९ जानेवारी १९८४

चि. रेगुलास,
अ. उ. आ.

उशीर झाला, पण मुद्दामच. एका उत्तराची वाट बघत होते.

तू हात पिरगाळला नाहीस. उंच धरलास. फरक आहे.

चेहऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस, तो टपालाने आला. बाईंचं चार पानी पत्र आहे. कर्नलसाहेबांनी गोष्ट गावभर केली. एदमोंला त्याच्या जुन्या मंडळाचा अध्यक्ष व्हायचं होतं, आता तिथे त्याच्याकडे बघून लोक चमचे लपवतात. बाई मला प्रथमच एल्मरबाई म्हणतात. कागद परत द्यावा, अशी विनंती करतात. दोनदा करतात. तिसऱ्या पानावर अक्षर बिघडलं आहे.

मी उत्तर लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. टपालवाला त्यांच्या दारी रोज येत असेल, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी जिने उतरणं सोपं नाही. मला याची लाज वाटते का, असं तू विचारशील. शोधली, सापडली नाही.

नाताळानंतर मी तो कागद घेऊन नर्सिंगच्या शाळेत गेले. खिडकीत तुझ्याएवढी मुलगी होती. मुलीच्या प्रवेशासाठी आलात का, म्हणाली. मी म्हटलं, माझ्या. ती बिचारी गोंधळली. पस्तिशीनंतर घेत नाहीत, असं समजावून सांगू लागली. मी म्हटलं, मला माहीत आहे, अर्ज घ्या, हा दाखला जोडा, आणि रीतसर नाकारा.

पत्र काल आलं. शिक्क्याचं, सहीचं. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचलं. अर्जदाराचं चारित्र्य उत्तम आहे. वय जास्त असल्यामुळे प्रवेश देता येत नाही, याचा खेद वाटतो.

तुझी,
मार्ग्रिट मावशी