प्रवाह दक्षिणेकडेच जात होता

मी, ऋग्वेद हरिभाऊ याळगी, वय त्रेपन्न, पूर्वी वैमानिक, हल्ली रविवारच्या पुरवणीचा वार्ताहर, राहणार खासबाग, बेळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी बहीण नीलम हिने निपाणीहून फोनवर हरकत नोंदवली : "आयुष्यभर विमान चालवलंस आणि आता पाण्यात मरायला निघालास. शहाणा कसला तू?" येत्या नोव्हेंबरात मी माझ्या शिडाच्या बोटीने लक्षद्वीपची राहिलेली बेटे पाहायला निघत आहे, म्हणून ही तजवीज.

कलम १. खासबागेतील घर व बँकेतील शिल्लक नीलमकडे जावी. देव्हाऱ्यातले देवही तिनेच न्यावेत. वडिलांनी मला भिक्षुकीसाठी पाठशाळेत घातले, मी विमानात जाऊन बसलो. देवांनी ते मनाला लावून घेतलेले दिसत नाही.

कलम २. नीलमचे यजमान नागेंद्र, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, गेली अठ्ठावीस वर्षे दर भाऊबीजेला मला विचारत आले आहेत, "काय मेहुणे, विमान कुठं लावलंसा?" त्यांना माझी वैमानिकाची टोपी द्यावी. सोबत दुसरे काही देऊ नये.

कलम ३. दिशा आणि वेग मांडण्याचे माझे गोल गणकयंत्र भाची शाल्मली हिला. ती वकील आहे. यंत्र बरोबर असूनही उत्तर चुकीचे कसे येते, हे तिला पुढील कलमात कळेल.

कलम ४. हे कलम कबुलीचे आहे.

तीन वर्षांपूर्वी मी व भावकू रवळू निलजकर, राहणार काकती, नौदलातून निवृत्त, असे दोघे याच बोटीने कारवारहून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जाऊन लक्षद्वीपला पोचलो. शिडे व इंजिन त्यांच्याकडे, मार्ग माझ्याकडे. लेखात रोमांच हवा म्हणून जीपीएस मी डब्यात बंद करून ठेवले होते. कवरत्तीच्या खडकांबाहेर संध्याकाळी नांगर टाकून थांबलो असता कल्पेनी बेटाचा मार्ग आखला. नकाशावर प्रवाहापुढे 'दक्षिण' लिहिले होते. वाऱ्याला तो जिकडून येतो ती दिशा लावतात. समुद्राच्या प्रवाहाला तो जिकडे जातो ती. मी जन्मभर वाऱ्याचेच गणित केलेले. प्रवाह दक्षिणेकडून येतो असे धरले आणि तो आम्हाला उत्तरेला ओढील म्हणून रोख आणखी दक्षिणेला ठेवला.

वारा पडला होता. भावकूंनी ओढून संपलेली निपाणीची बिडी पाण्यात टाकली आणि बघत राहिले.

"कॅप्टन, बिडी दक्षिणेला चाललीया. तुमी उत्तरेचं काय सांगतासा?"

"भावकू, नकाशा छापील आहे. तुझी बिडी नव्हे."

"व्हय, पर समुद्रानं नकाशा वाचलाय काय?"

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण. मी त्या विषयात पाठशाळेत पहिला आलो होतो.

रात्री नांगर उचलून इंजिनवर निघालो. सकाळी सातला दिसायचे बेट नऊपर्यंत दिसले नाही. पाण्याचा शेवटचा कॅन उघडला होता. भावकूंनी मला न विचारता सुकाणू घेतले आणि बोट सरळ उत्तरेला वळवली. एक वाजता माडांचे शेंडे दिसले. ते एवढेच म्हणाले, "जेवायचं बघा आता."

घरी आल्यावर मी पुरवणीत लिहिले : 'सहप्रवाशाने प्रवाहाची दिशा उलट सांगितल्यामुळे आम्ही भरकटलो, अखेर माझ्या गणिताने बेट सापडले.' वाक्य सुबक होते, म्हणून पुढे प्रवासाच्या पुस्तकातही ठेवले. किनाऱ्यावरच्या एका शिडाच्या बोटींच्या शाळेत भावकूंची शिक्षकाची जागा ठरत आली होती. शाळेने ते वाचले आणि जागा दुसऱ्याला दिली. ते आता काकतीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. मला भेटले की हसतात. न हसते तर सोपे गेले असते.

माझ्या पश्चात ही कबुली पुरवणीत छापावी, असे मी येथे लिहिले होते.

कलम ५. बोट भावकूंना. (हे कलम खोडले आहे. कारण पुढे.)

कलम ६. माझ्या अस्थी समुद्रात सोडू नयेत. तिथे माझी दिशा चुकते. मलप्रभेत सोडाव्यात.

कलम ७, आज घातलेले. साक्षीसाठी भावकूंना बोलावले. शाल्मली म्हणाली, "मामा, ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीला बसू नये. उद्या कोणी हरकत घेतली तर?" भावकूंनी कलम चार दोनदा वाचले.

"ह्ये छापणार कवा?"

"मी गेल्यावर."

"मेल्यावर खरं बोलायला काय जातंय, कॅप्टन? बोट ऱ्हाऊ द्या. सही मी करतो, पर ह्ये आज धाडा."

सबब कलम चारची प्रत, माझ्या सहीनिशी, आज दुपारी पुरवणीच्या संपादकांना व त्या शाळेला स्पीड पोस्टाने गेली. पोस्टाच्या पावत्या सोबत टाचल्या आहेत. पोस्टात भावकू बरोबर होते. पत्ता त्यांनी तपासला. बोट नीलमने विकावी.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

ऋग्वेद हरिभाऊ याळगी
बेळगाव, १४ ऑक्टोबर २०२५

आमच्यासमोर सही झाली :

१. डॉ. आण्णाप्पा बस्तवाडकर, खासबाग. व्यवसाय : वैद्यकीय.

२. भावकू रवळू निलजकर, काकती. व्यवसाय (स्वहस्ते) : मोटार दुरुस्ती. दिशा मी बरोबर सांगितलेली.