राजाच्या उंटावरची दुसरी खुर्ची

लान्सारोते, १२ डिसेंबर

ती. डोमिंगाताईस,
धाकट्या हिनेसचा वाकून नमस्कार. पत्र बसून वाच, मी मोठ्या संकटात आहे.

पूर्वेकडून पोरांना भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांच्या पाच जानेवारीच्या मिरवणुकीतला मेल्चोर राजा, म्हणजे आपला पाववाला तोमास, शिडीवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. गाव म्हणालं, हिनेसला बसवा, त्याला खोटी दाढी लागत नाही. उंट मार्सियालचे, वर्षभर ज्वालामुखीवर परदेशी पाहुणे फिरवणारे. दोन्ही अंगांना एकेक खुर्ची. एकीत मी, दुसरीत वजनाला वाळूचं पोतं. ताई, ते पोतं सुटलं तर?

पण खरी भीती नायराची. सहा वर्षांची नात माझी, राजाला स्वतःच्या हातानं पत्र देणार आहे. तिची मैत्रीण म्हणते राजेबिजे कोणी नसतात. नायरा तिच्याशी भांडून आली, माझे आजोबा सांगतात म्हणजे असतातच म्हणाली. आणि आता मलाच तिनं मुकुटाखाली ओळखलं तर? घास उतरत नाही.

बाकी ठीक. मी जिथे माळी होतो त्या हॉटेलात पुन्हा कापसाचं बर्फ पसरलं आहे, माझे निवडुंग गुदमरतात. इंग्रज लाल टोप्या घालून समुद्रात डुंबतात. मी काठावर स्वेटर घालून उभा, त्यांना सर्दी होईल या काळजीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, हिनेस

लास पाल्मास, २० डिसेंबर

चि. हिनेस,
आशीर्वाद, आणि एक धपाटा.

लहानपणी तुला नाताळच्या देखाव्यात मेंढी केलं होतं, तेव्हाही तू भोकाड पसरलं होतंस. आता सत्तरी उलटली, जरा माणसासारखा वाग. दाढीला पीठ लाव, मुकुट भुवयांपर्यंत ओढ आणि तोंड अजिबात उघडू नकोस. तुझं ते “बाळा, पडशील” अख्ख्या बेटाला पाठ आहे.

माझ्याकडे नाताळला चौदा माणसं. खारवलेला मासा भिजत घातला, तर सून म्हणते यंदा पिझ्झा मागवू. तिला म्हटलं, मी मेल्यावर मागव.

पोरीला माझा पापा. काय झालं ते लगेच कळव.
तुझी ताई, डोमिंगा

लान्सारोते, ७ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार. जिवंत आहे.

ऊन उतरता उतरता मिरवणूक चर्चपाशी वळली आणि नेमकी समोर पाहुण्यांची बस थांबली. दार उघडलं. माझा उंट मटकन खाली बसला. बस आली की बसायचं, माणूस चढला की उठायचं, एवढंच त्याला माहीत. मार्सियालनं ओढलं, पाया पडला, शिव्या घातल्या. पुढचे दोन राजे दिसेनासे झाले. इतक्यात बसमधून एक जाडजूड जर्मन बाई उतरली. अर्धी चड्डी, हातात आइस्क्रीम. तिला वाटलं, आपलीच वाट पाहताहेत. तिनं पोतं सोडून खाली टाकलं आणि त्या खुर्चीत बसली. उंट उठला! मार्सियाल म्हणाला, बसू दे रे, नाहीतर ईस्टरपर्यंत इथेच.

ती माझ्या दुप्पट. ती खाली, मी आभाळात. दोन्ही हातांनी खुर्ची धरून डोळे मिटले.

उघडले तर पुढ्यात नायरा, बापाच्या खांद्यावर उभी, पत्र पुढे करून वाकलेली! ताई, तुझी शिकवण विसरलो, “बाळा, पडशील” तोंडून निघालंच. पण त्याच क्षणी जर्मन बाईनं पत्र घेतलं, पोरीचे मुके घेतले आणि तिच्या भाषेत असा काही गलबला केला, की माझं बोलणं त्यात बुडून गेलं.

मी मागच्या वाटेनं घर गाठून तोंड धुतलं. नायरा धावत आली आणि मलाच रागावली, आजोबा, होतास कुठे तू! मेल्चोरची राणी आली होती! एक शब्द कळला नाही, म्हणजे नक्की पूर्वेकडची. मैत्रिणीनंही कान पकडले म्हणे.

मी हळूच विचारलं, आणि राजा कसा होता? म्हणाली, अगदी तुझ्यासारखा घाबरट.

दोन दिवस झाले, मी घरात ताठ मानेनं फिरतो आहे.

अशीच रागावत राहा.
तुझा, हिनेस