मुकी ठरवलेली पेशी

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे. अडीच महिने आपण बोललो नाही आणि फोनवर माझा तोल कसा जातो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहिते आहे. दोन शर्ट शिवण्याच्या मधे सावकाश वाचा.

सावकाश हे तुम्हाला सांगायला नकोच. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं आईनं जेवताना विचारावं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी दाढी करताना जरा कमी होतं म्हणावं. कोट कधी मिळेल हे विचारून कंटाळलेलं गिऱ्हाईक जिना उतरून रस्त्याला लागलं, की तुम्ही दुकानाच्या खिडकीतून ओरडायचात, मंगळवारी! मी मात्र आईवर गेले. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार.

एक विनंती. मुलगी पोटाची डॉक्टर आहे असं सांगणं थांबवा. शेजारचे काका मला फोन करून त्यांच्या गॅसचं सविस्तर वर्णन ऐकवतात. मी आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी तपासते, एवढंच. अन्न पुढे कधी ढकलायचं, कधी थांबायचं, हे मेंदूला फारसं न विचारता या पेशी आपसांत ठरवतात. एक पेशी दुसरीला रसायनाच्या थेंबातून निरोप देते, आणि दुसरी आलेले सगळे निरोप जमेला धरून बोलायचं की गप्प बसायचं ते ठरवते. मी नखाएवढ्या तुकड्यातल्या एकेका पेशीत काचेची सुई घालून ते ऐकते. तुमची सगळ्यात बारीक सुई तिच्यापुढे पहार आहे.

वर्षभर मी निरोप पाठवायचे आणि अर्धा सेकंद थांबायचे. पेशी बोलली तर ठीक, नाही तर वहीत 'मुकी' लिहून पुढची. अशा त्रेचाळीस मुक्या झाल्या. गेल्या आठवड्यात अशाच एका मुकीवर निरोपांची सरबत्ती सुरू केली आणि नेमका आईचा फोन आला. आईचा फोन कधी मिनिटात संपतो का? पाहुण्यांना गाद्या किती लागतील यावर तासभर बोलून परत येते, तर नोंद घेणारं यंत्र चालूच राहिलेलं, आणि कागदावर मुकी पेशी कितीतरी मिनिटं नुसती बडबडत होती! निरोप थांबल्यावर जरा वेळानं सुरू झाली होती बया. मी मोठा शोध लागल्यासारखी आमच्या मार्गदर्शक बाईंकडे धावले. बाई पोट धरून हसल्या. काही पेशी अशाच, सावकाश उत्तर देतात आणि मग बराच वेळ देत राहतात, हे म्हणे माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. मुकी कोणीच नव्हती, मीच घाई करत होते.

घरी जाताना प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवरच बसले, बाबा. आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करतेय हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही फक्त 'हं' म्हणालात. मी दहापर्यंत मोजलं, तेही भरभर, आणि रागानं फोन आपटला. तुम्हाला पसंत नाही असं ठरवून मोकळी झाले आणि रडले. त्या पायऱ्यांवरून आईला फोन केला, बाबा तेव्हा पुढे काय म्हणाले होते का? आई म्हणाली, अगं, बराच वेळ फोन कानाला धरून उभे होते, मग म्हणाले, त्याचं माप पाठव, कोट मीच शिवणार. तिला वाटलं, मी ते ऐकलंय!

तर माप पाठवायला हे पत्र. छाती अडतीस, बाही चोवीस, डावा खांदा जरा उतरता. पण मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं, तेव्हा कात्री लावू नका. लग्नाला महिना आहे, तुम्हीच येऊन माप घ्या. येताय का, ते विचारायला रविवारी फोन करते. तुम्ही 'हं' म्हणाल. मी फोन ठेवणार नाही.

तुमचीच,
घाईची लेक