चिसोमो तरंगली

ती. आबांना,
अनुजाचा मलावीहून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा. फोनवर बोलले असते तर आईनं सगळं ऐकलं असतं, म्हणून पत्र.

मी सुट्टीपुरती शिकवायला आलेय ती शाळा तळ्याकाठी आहे. परवा माझ्या वर्गातली चिसोमो भांडं विसळताना खोल पाण्यात घसरली. पोरी किंचाळल्या, पण पोहता कुणालाच येत नव्हतं. मी कपड्यांसकट उडी टाकली. तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली, तेव्हा मात्र घाबरले, आबा. कुरुंदवाडच्या घाटावर तुम्ही ओरडायचात, "बुडणाऱ्याला मागनं धर, पुढनं न्हाय!" तशी धरली आणि काठ गाठला. पाणी ओकून ती रडायला लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. वाटलं, आता पोरीला शाळेतून काढणार. ती काय म्हणतेय ते मोठ्या बाईंनी मला सांगितलं: "आम्हा दोघींना पोहायला शिकव."

तुमचा गुडघा कसा आहे? औषध घेताय ना?

आज उथळ पाण्यात चिसोमोला आडवी धरली होती. घाबरून हात सोडेना. गप्पा मारत हळूच सोडवून घेतला, तर पोर तरंगली की!

आईला हे शेवटचं एवढंच वाचून दाखवा.

तुमची,
अनुजा